पोटात ठेवणारं तयं

वऱ्हाडातल्या अनसिंगकडे बोलताना शेततळ्याचं 'तयं' होतं. वावराच्या खालच्या अंगाला, धुऱ्याला टेकून बसलेलं. पन्नी नाही, नुसती काळी माती. स्वभावानं भिडस्त. उतारावरून येईल ते घेतं, नाही म्हणत नाही.

श्रावणात सोयाबीनवर चक्रीभुंगा, उंटअळी दिसली की कास्तकाराच्या पाठीवर पंप चढतो. त्याच रात्री पाऊस कोसळला, तर 'औषध' (विषाला आपण हेच म्हणतो) मातीसकट तयात उतरतं. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन यांना पाण्यात विरघळायला आवडत नाही. ती गाळाच्या कणाला बिलगून येतात. ज्या गढूळपणाला सगळे नावं ठेवतात, तोच मग तयातल्या कटला-रोहू माशांचा पाठीराखा होतो. माती विषाला धरते, तळाशी नेऊन बसवते. तळाशी चरणाऱ्या मृगळाला मात्र हा उपकार तितकासा लाभत नाही.

डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण उंदीर-सशांसारख्या प्राण्यांच्या हिशेबानं ठरतो. माशाला कुणी विचारलेलं नसतं. आपलं शरीर ही विषं लवकर मोडतं. माशाला ते जमत नाही, लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही जिवावर बेततात.

थायामेथॉक्झाम या दुसऱ्या कीटकनाशकाची चाल निराळी. ते पाण्यात विरघळतं, गाळाला जुमानत नाही. माशाला सहसा थेट मारत नाही, त्याच्यापुढचं ताट उचलतं. जपानच्या शिंजी सरोवराभोवती १९९३ पासून त्याच कुळातलं इमिडाक्लोप्रिड भातखाचरांत वापरात आलं. सरोवरातले सूक्ष्म जीव घटले, मागोमाग काही माशांची मासेमारी कोसळली. तिथल्या संशोधकांनी २०१९ साली या दोन्हींचा संबंध मांडला.

पावसाचं एक वेळ समजून घेता येईल. पण संध्याकाळी काठावर पंप विसळला जातो, तो घोट मातीच्या गाळणीवाचून थेट घशात. सकाळी मासे उताणे दिसले की निदान ठरलेलं: "हवा कमी पडली असंन." कधी ते खरंही असतं, ढगाळ दिवसांत पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरतोच. तयं कुणाचंच नाव घेत नाही.

उन्हाळ्यात ते आटतं. विषातलं बरंचसं तोवर मोडलेलं असतं. उरलेल्यासकट गाळ ट्रॉलीत भरतात आणि वरच्याच वावरात पसरतात. खत म्हणून.