पुढे गेलेला विद्यार्थी

संकेतस्थळ झटकन उघडलं की आपण इंटरनेटच्या वेगाचं कौतुक करतो. पण बरेचदा त्यातली चित्रं मूळ ठिकाणाहून आलेलीच नसतात! एकच पुस्तक मुंबईत ठेवून साऱ्या महाराष्ट्राला तिथे बोलावण्यापेक्षा तालुक्या-तालुक्याच्या वाचनालयात एकेक प्रत ठेवावी, तसं हे. देशोदेशीच्या सर्व्हरवर प्रती ठेवलेल्या असतात, मागणाऱ्याला जवळची मिळते. अंतर वाचतं, मूळ सर्व्हरवरची गर्दीही टळते.

अमेरिकेतल्या एमआयटीत गणित शिकवणारे टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी या कामाचं गणित मांडलं आणि १९९८ साली अकामाई ही कंपनी काढली. ११ सप्टेंबर २००१ रोजी सारं जग बातम्यांच्या संकेतस्थळांवर लोटलं. अकामाईच्या सर्व्हरांनी त्यातला बराच भार पेलला... आणि त्याच सकाळी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात लेविन होता. वय अवघं ३१.

२०१३ साली लेटन त्या कंपनीचे प्रमुख झाले. विद्यार्थ्याने आपल्या पुढे जावं, ही आम्हा मास्तरांची इच्छा असते. पण अशी नव्हे हो.