जबलपूर, सर्व्हर, फिल्टर : काही टिपणे

० पत्त्यात मराठी माणूस 'जबलपूर' टाइप करतो, हिंदी माणूस 'जबलपुर'. दोन्हींत डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. सर्व्हरला युनिकोडची सहा चिन्हं, म्हणजे यूटीएफ-८ चे १८ बाइट दिसतात. फरक फक्त एका बाइटचा: हेक्समध्ये ऱ्हस्व उकाराला ८१, दीर्घाला ८२.

० पत्त्यांच्या टक्के-लिपीत (पर्सेंट-एन्कोडिंगमध्ये) हाच शब्द ५४ खुणांचा होतो. पण अपाचेच्या मॉड-रीराइटमध्ये नियम तपासला जातो तो डिकोड झालेल्या मार्गावर. तेव्हा नियम सरळ देवनागरीत लिहावा, फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवावी.

० एका पानाचे दोन पत्ते झाले, तर ३०१ देऊन एकावर आणावं. आतल्या आतही वळवता येतं, पण मग बदल वाचकाला दिसत नाही. मला दिसणारा बदल बरा वाटतो.

० येणाऱ्या मजकुरातल्या 'अदृश्य खुणा' सरसकट पुसणारा नियम मराठीला घातक. 'दऱ्या' हा शब्द पुष्कळ जण र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या अदृश्य जोडचिन्हाने लिहितात. ते चिन्ह गेलं की भेडाघाटच्या संगमरवरी दऱ्यांचा दर्या होतो. लॉगमध्ये चूक म्हणून काहीच उमटत नाही.

० नावाच्या रकान्यात फक्त रोमन अक्षरं चालू देणारा फिल्टर हल्ले थोडे अडवतो, माणसं फार अडवतो.

० जाणारा मजकूर बदलायचा तर तो आधी उलगडलेला हवा. जीझिप केलेल्या उत्तरात एनजिनएक्सच्या सब-फिल्टरला शब्द सापडतच नाही. शिवाय मुळात तो फक्त एचटीएमएल पाहतो आणि पहिलीच जुळणी बदलतो. बाकीचं मुद्दाम सांगावं लागतं.

० स्वतः फिल्टर लिहिताना: उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं आणि तुकडा तीन बाइटांच्या अक्षराच्या मधोमध तुटू शकतो. उरलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवावेत.

० 'जबलपुर'चं 'जबलपूर' मजकुरात कधीही करू नये. हिंदी वाक्य बिघडतं, कुणाचा पत्ता बदलतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ १९५६ पासून याच शहरात आहे. आदेशातलं एक अक्षर वाटेत बदललं तर तो आदेश न्यायालयाचा राहत नाही. डिजिटल सही एका बाइटनेही मोडते, आणि मोडलीच पाहिजे.

० २०१५ मध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रामरने दाखवून दिलं की मोबाइल इंटरनेटवर त्याच्या पानांत वाटेतच परकी स्क्रिप्ट घुसवली जात होती. एचटीटीपीएसने ती वाट बंद केली. पण एचटीटीपीएस उलगडणारा साइटचाच प्रॉक्सी सांभाळणाऱ्याच्या हाती किल्ली असतेच. म्हणून भरवसा त्याच्या सचोटीवर.

० प्रत्येक नियमाशेजारी कारण आणि तारीख लिहावी. नवा नियम चालू करण्याआधी दऱ्या, हृदय, ॲप, जबलपूर, जबलपुर हे शब्द पाठवून पाहावेत. गेले तसेच परत आले, तरच नियम ठेवावा.