फाडफाड इंग्रजी आणि आमची पुतणी

कल्याणहून रोज सकाळच्या लोकलने कामावर जाणाऱ्या आम्हा कारकून मंडळींना डब्यातल्या जाहिराती तोंडपाठ झालेल्या असतात. मूळव्याध, बिनतारण कर्ज, वशीकरणवाले बाबा आणि त्यांच्याच रांगेत, ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला!’ वीस वर्षांपूर्वीही ही जाहिरात होती, आजही आहे. आता तिच्याखाली ‘सोबत सॉफ्ट स्किल्स मोफत’ अशी एक ओळ वाढली आहे, एवढेच. या जाहिरातीला आम्ही नेहमी हसत आलो. पण दोन वर्षांपूर्वी ती आमच्या घरात शिरली, आणि तिला दार आम्हीच उघडून दिले.

आमचे थोरले बंधू वारल्यानंतर वहिनींनी चार घरच्या पोळ्या लाटून मुलीला बी.कॉम.पर्यंत शिकविले. पोर हुशार. हिशेबात पक्की. पण मुलाखतीला गेली की गप्प. तीन ठिकाणी ‘कळवतो’ असे सांगितले आणि कुणी कळविले नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तिला इंग्रजी बोलायच्या क्लासला घाला. पैशाचं मी बघते.” म्हणून आम्हीच तिला घेऊन स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये गेलो.

पहिल्या मजल्यावर वातानुकूलित खोली, भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो, टेबलामागे टाय लावलेले गृहस्थ. तीन महिन्यांची फी १२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १४,१६०. वहिनींनी बचत गटातून १०,००० कर्ज काढले, बाकीचे आम्ही घातले. हाती पडलेल्या पावतीवर जीएसटीचा नोंदणी क्रमांकच नव्हता. क्रमांक नाही तर कर घेता येत नाही, हे बी.कॉम.च्या पोरालाही कळते. आम्ही तर दिवसभर पावत्या तपासणारी माणसे. तरी त्या दिवशी आमच्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण समोरचे गृहस्थ इंग्रजीत बोलत होते.

तिसऱ्या आठवड्यात क्लासमध्ये खोटी-खोटी मुलाखत घेतली गेली. “कुठे राहतेस?” या प्रश्नाला पुतणीने आमच्या वस्तीचे नाव सांगितले. शिकविणाऱ्याने सर्वांसमोर सांगितले, की असली नावे मुलाखतीत घ्यायची नसतात, जवळच्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्सचे नाव सांगावे. मधल्या सुट्टीत फोनवर ती आम्हाला “जयभीम काका” म्हणाली, ते ऐकून “ही सवय ऑफिसात चालणार नाही” असाही शेरा मिळाला. पोरे हसली. त्यानंतर पोर क्लासला गेलीच नाही. आठ दिवस ती घरून निघून वाचनालयात बसत होती. आईने काढलेल्या कर्जाची लाज वाटून तिने कुणाला काही सांगितले नव्हते.

आम्हाला हे कळले तेव्हा संताप आला तो आधी स्वतःचा. आम्ही सभांतून स्वाभिमानावर भाषणे करतो. पण २००३ साली आम्ही नोकरीला लागलो, तेव्हा मुख्य कार्यालयाचा इंग्रजीतला फोन आला की आम्ही रिसीव्हर शेजारच्या सहकाऱ्याच्या हाती देऊन पाणी प्यायला उठत असू. बी.कॉम.चे पेपर आम्ही गाईड पाठ करून इंग्रजीत लिहिले होते. बोललो मात्र कधीच नव्हतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आले, म्हणजे पुतणी बारा वर्षे शाळेत इंग्रजी शिकली. पण साठ पोरांच्या वर्गात फळ्यावरची उत्तरे उतरवून घेतली, यापलीकडे तिलाही कुणी बोलायला लावले नाही. पोहणे पुस्तकातून शिकवावे आणि मग विहिरीत ढकलावे, तशी ही तऱ्हा आहे.

आता ते सॉफ्ट स्किल्स. हा शब्द अमेरिकेच्या लष्करातून आला. १९७२ साली तिथे या विषयावर एक प्रशिक्षण परिषदही भरली होती. यंत्रावरची कामे एकीकडे, आणि माणसांशी व कागदांशी संबंध येणारी कामे दुसरीकडे, अशी ती विभागणी होती. म्हणजे माणसे सांभाळणे, ऐकून घेणे, पटवून देणे, वेळ पाळणे. हे वाचले आणि आमच्या डोळ्यांपुढे वहिनी आल्या. चार घरच्या चार तऱ्हांच्या मालकिणी सांभाळणे, रेशन दुकानदाराकडून आपला हक्काचा तांदूळ वाद न वाढवता काढून घेणे, बचत गटात भांडणाऱ्या दोघींना एका चटईवर बसविणे, हे त्यांना कुणी शिकविले? आमच्या वस्तीत या गुणांचा तुटवडा नाही. क्लासमध्ये मात्र हस्तांदोलन कसे करावे, टाय कशी बांधावी आणि पत्ता कसा लपवावा, एवढेच या नावाखाली शिकविले जात होते.

म्हणून इंग्रजीकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. सावित्रीबाईंनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यसंग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांच्या शिक्षणाची हकिगत तर आपल्याला माहीतच आहे. सुभेदार रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरी बसून पक्क्या करून घेतल्या. पुढे १९१३ साली तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला, १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बोलला. पण त्याच बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो मराठीत. ज्याच्याशी बोलायचे त्याची भाषा त्यांनी वापरली. गोलमेज परिषदेत इंग्रजी बोलताना त्यांनी आपण कोण, कुठले, हे लपविले नाही.

आम्ही क्लासकडे फी परत मागितली. “नॉन-रिफंडेबल,” असे उत्तर आले. मग आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली, आणि पावतीवर कर घेऊन क्रमांक का नाही, असे लेखी विचारले. मराठीतच विचारले. दीड महिन्याने ७,००० रुपये परत आले. वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे, की जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला दाखल शुल्क नाही. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या क्लासला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. अशा क्लासने पावतीवर कर लावला तर तो बेधडक नाकारावा.

परत आलेले पैसे बचत गटात भरले. पण पोरीची जीभ कशी मोकळी व्हावी? विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही रोज रात्री आठ ते नऊ एक वर्ग सुरू केला. शिकवायला निवृत्त पोस्टमास्तर आणि एक बी.एड. करणारी मुलगी. नियम दोनच. कुणी चुकले तर हसायचे नाही, आणि तासाभरात प्रत्येकाने किमान दहा वाक्ये बोलायची. विषय रोजच्या कामाचे. बँकेत फोन करणे, दवाखान्यात दुखणे सांगणे, भाड्याच्या खोलीची चौकशी करणे, मुलाखतीत आपली ओळख सांगणे. आपल्या मराठीत ‘ए’ आणि ‘द’ लावायची पद्धत नाही, म्हणून ते आपल्याकडून सुटतात; प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम उलटत नाही, म्हणून तिथे अडखळतो. हे एकदा समजले की आपण मठ्ठ आहोत हा समज निघून जातो. मोबाइलवर आपलेच बोलणे रेकॉर्ड करून ऐकायचे, यासारखा दुसरा मास्तर नाही.

सगळे गोड झाले असे सांगणार नाही. पहिल्या दिवशी बावीस जण आले, पावसाळ्यात सात उरले. परीक्षेच्या दिवसांत वर्ग बंद पडला, पुन्हा सुरू झाला. वहिनीही मागच्या चटईवर येऊन बसू लागल्या. आता औषधाच्या बाटलीवरची मुदत त्या स्वतः वाचतात. आणि आम्ही? गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाचा फोन आला, तो आम्हीच घेतला. तीन चुका झाल्या. काम झाले.

पुतणी वर्षभराने एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात मुलाखतीला गेली. कुठे राहतेस, हा प्रश्न तिथेही आलाच. तिने वस्तीचे नाव सांगितले, स्टेशनपासून किती मिनिटे लागतात तेही इंग्रजीत सांगितले. ती नोकरी तिला मिळाली नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे मिळाली, पगार थोडा कमी. पहिल्या पगारातून तिने अभ्यासिकेला दोन शब्दकोश आणले.

बंधू-भगिनींनो, क्लास लावायचा असेल तर जरूर लावा. पण पैसे भरण्याआधी एक तास फुकट बसू द्या म्हणावे, आणि त्या तासात शिकविणारा किती बोलतो आणि पोरे किती बोलतात, हे मोजावे. पावती नीट वाचावी. आणि आपल्या लेकरांना पत्ता लपवायला शिकविणाऱ्या दारातून तिथल्या तिथे परत फिरावे. आम्ही तीन आठवडे उशिरा फिरलो. तुम्ही तसे करू नका.