मोगलाईतील एक दिवस

आमच्या लहानपणी घरात कोणी गुलबर्ग्याकडे जावयास निघाले, की वडील मंडळी ‘मोगलाईत जाणे’ असा शब्द वापरीत. वास्तविक तोपर्यंत मोगलही उरले नव्हते आणि निजामाचे राज्यही लयास गेले होते. परंतु राज्ये जातात आणि शब्द मागे राहतात, त्यातलाच हा प्रकार. भिगवणच्या स्टेशनातून जे रूळ पूर्वेस जातात, तेच सोलापूर, अक्कलकोट रोड, दुधनी अशी ठाणी ओलांडून गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस पोहोचतात. अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. त्या गावी आमच्या वडिलांची थोरली बहीण दिलेली होती. असे असूनही साठी उलटेपर्यंत आम्ही तेथे पाऊल ठेविले नव्हते. त्याचे कारण पुढे येईल.

आगगाडी आमच्या भागात फार लवकर आली. १८५८ साली ती पुण्याहून आमच्या शेजारच्या डिकसळपर्यंत आली, १८६० त सोलापुरास गेली आणि १८७१ मध्ये निजामाचा मुलूख कापीत रायचुरास जाऊन भिडली. रूळ एका कंपनीचे, मुलूख दुसऱ्याचा, असा तो मामला होता. आमचे वडील विद्यार्थिदशेत दिवाळीचा फराळ घेऊन बहिणीकडे जात, तेव्हाच्या हकीकती ते रंगवून सांगत. हद्दीपलीकडे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे लोक गाठोडी सोडावयास लावीत. अनारशांच्या डब्यातही हात घालून पाहात! नाणेही वेगळे. चारमिनारचे चित्र असलेला हाली शिक्क्याचा रुपया तेथे चाले, आणि ढोबळ हिशेबाने असे सात रुपये म्हणजे आपले सहा. आम्हाला त्रैराशिक शिकविताना वडील हेच उदाहरण घालीत. आम्हीही पुढे पस्तीस वर्षे वर्गात तेच घातले. मुलांना मात्र ते परदेशचे वाटे.

परंतु एक हकीकत वडिलांनी कधी रंगवून सांगितली नाही. ती त्यांनी आम्हाला त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, एकदाच आणि थोडक्यात सांगितली.

१९४८ च्या वैशाखात आमची आजी अंथरुणास खिळली. लेकीला एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच तिने ध्यास घेतला. तो काळ कसा होता हे जुन्या माणसांस सांगावयास नको. हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यात सामील झालेले नव्हते, रझाकारांचा धुमाकूळ चालला होता आणि संस्थानातील कित्येक कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आश्रयास येत होती. वडील त्या वेळी बावीस वर्षांचे. बहिणीला आणावयास म्हणून ते निघाले आणि सोलापुरास उतरतात तो फलाटावर एकच चर्चा. २२ मे रोजी गाणगापूर स्टेशनात रझाकारांनी गाडीवर हल्ला केला होता. गुलबर्ग्यास जावयाचे तर त्याच स्टेशनावरून जावे लागणार. वडील रात्रभर सोलापूरच्या फलाटावर बसून राहिले आणि सकाळच्या गाडीने परत फिरले. घरी येऊन त्यांनी आईला सांगितले, “ताईची मुलगी तापाने आजारी आहे. तिला उतार पडला की ताई येते म्हणाली.” ज्येष्ठ लागण्यापूर्वीच आजी गेली. ती नातीच्या तापाची चौकशी करीत गेली.

पुढे १३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली आणि वाट मोकळी झाली. आत्या माहेरी आली, रडली आणि परत गेली. त्यानंतर ती दर दोन-तीन वर्षांनी येत राहिली. परंतु वडील कधी तिच्या घरी गेले नाहीत. काही ना काही निमित्त काढीत. “तिला मी तोंड कोणते दाखवू?” असे ते आम्हास त्या दुखण्यात म्हणाले. बहिणीपाशी मात्र तो विषय त्यांनी जन्मात काढला नाही. दोघेही आता नाहीत.

गेल्या कार्तिकात आत्याच्या मुलीचा, आमच्या आक्काचा निरोप आला, “आता माझी ऐंशी जवळ आली. एकदा तरी येऊन जा.” म्हणून आम्ही धाकट्या नातवास बरोबर घेऊन उत्तररात्रीच्या गाडीने निघालो. सोलापुरास गाडी बदलली. फलाटावर उतरताना वडिलांची ती रात्र आठवली व चहा घशाखाली उतरेना.

दुधनी गेल्यावर नातवास म्हटले, “आता हद्द येईल हो.” तो बिचारा खिडकीला नाक लावून बसला. तुरीची शेते गेली, ज्वारीची गेली, पुढच्या स्टेशनाच्या पाटीवर कानडी अक्षरे आली. तो म्हणाला, “आजोबा, हद्द कुठे होती?” आम्ही म्हटले, “गेली की रे मघाशीच.” त्याची फसगत झाल्यासारखे त्यास वाटले. सीमन् या एकाच शब्दापासून संस्कृतात सीमान्त म्हणजे हद्द आणि सीमंत म्हणजे स्त्रियांचा भांग, असे दोन शब्द झाले, ही गोष्ट आम्ही जन्मभर शिकविली. भांग जसा आज येथून तर उद्या तेथून पाडता येतो, तशीच ही मुलखाची रेघ. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, तेव्हा तीच रेघ कायम राहिली. फक्त पलीकडचे नाव बदलून म्हैसूर व पुढे कर्नाटक झाले. भीमामाई मात्र उजनीच्या जलाशयातून सुटते ती कोणास न विचारता गाणगापुरी अमरजेस भेटावयास जाते.

गाणगापूर रोडचे स्टेशन आले. नातवाने दत्तमहाराजांना हात जोडले. आम्हीही जोडले, परंतु आमच्या मनात दुसरेच होते. फलाटावर एक म्हातारा भाजलेल्या शेंगा विकीत होता. एवढेच ते स्टेशन!

कलबुर्गीस उतरून प्रथम किल्ला पाहिला. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले, त्याची ही पहिली राजधानी. किल्ल्यातील १३६७ ची मशीद पाहण्याजोगी आहे. तिला नेहमीचे उघडे अंगण नाही, सारी वास्तू घुमटांनी आच्छादलेली. कमानींमागून कमानी पाहून नातू हरखून गेला. ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा व शरणबसवेश्वरांचे देवालय बाहेरूनच पाहिले, कारण आक्का वाट पाहात होती.

आक्काचे मराठी आमच्यासारखेच. फक्त वाक्याच्या शेवटी कानडी हेल आणि मधूनच एखादा दखनी शब्द. तिने शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या आणि त्यांवर तुपाची धार. जेवणे झाल्यावर आम्ही धीर करून वडिलांची ती गोष्ट तिला सांगितली. त्यांच्या वतीने क्षमा मागावी, हाच आमच्या येण्याचा खरा हेतू होता.

आक्का ऐकून घेऊन हसू लागली. म्हणाली, “अरे, तो ताप मलाच आला होता ना! आई सप्टेंबरनंतर माहेरी गेली, तेव्हा शेजारच्या बायका विचारू लागल्या, ‘मुलीचा ताप उतरला का?’ आईच्या ध्यानात सगळे आले. म्हणाली, ‘हो, आता बरी आहे.’ पुढे जन्मभर तिने तेच सांगितले. मामाला कधी विचारले नाही.”

“आणि राग?” आम्ही विचारले.

“राग कसला? त्या दिवसांत आमचे आजोबा आईला उंबऱ्याबाहेर पाठविते का? मामा आला असता तर परत तरी कसा गेला असता? आई म्हणे, आई तर जाणारच होती. तो परत फिरला म्हणून मला भाऊ राहिला. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते हेही तिला कळत होते. म्हणूनच मग तीच जात असे.”

आमच्याने काही बोलवेना. नातू पोळीचा तुकडा हातात धरून आमच्याकडे पाहात राहिला.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. आक्काने तूरडाळीची पुरचुंडी बांधून दिली होती. तिला आता करोडगिरी नव्हती. दुधनी केव्हा गेले ते अंधारात समजले नाही. मुलखाची हद्द पुसावयास पाच दिवस पुरले. या दोन भावंडांमधली मात्र एकाही गाडीने ओलांडली नाही. बहीण तिच्यापलीकडचे सारे जाणून होती, आणि भावाला ते कळले नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे एखादे न बोललेले असेल, आणि ती माणसे अजून हयात असतील, तर त्यांनी गाडीचे वेळापत्रक पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.