याचे कल्ले कोठें पाहायचे?

माझा भाचा जहाजावर नोकरीस आहे. गेल्या खेपेस येतांना त्यानें आजीसाठीं बांगड्यांचे दोन हवाबंद डबे आणले. आईचा जन्म मालवणांत गेला. पण दात पडल्यापासून आणि आमच्याजवळ नागपुरास राहूं लागल्यापासून मासा तिला जवळजवळ पारखाच झाला आहे. डब्यांतल्या माशाचे कांटे उष्णतेनें इतके मऊ झालेले असतात कीं ते बोळक्या तोंडानेंही चावतां यावेत. पोरानें हें नेमकें हेरलें होतें. मात्र सामानाच्या दाटींत एका डब्याची कड चांगलीच चेपली होती.

आईनें तोच डबा उचलला, फिरवून पाहिला, नाकाशीं नेला आणि विचारलें, “याचे कल्ले कोठें पाहायचे रे?”

मालवणच्या बाजारांत मासे निवडणारी जाणती बाई ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना या प्रश्नांतली अडचण सांगावयास नको. कल्ला उचलून त्याची लाली पाहणें, पोटावर बोट दाबून खळगा राहतो कीं काय हें अजमावणें, डोळ्याचें तेज निरखणें, ही सारी विद्या तिच्या हातांत होती. पत्र्यापुढें ती थिटी पडली. माझी विद्या पुस्तकी. तिची आतां पाळी आली.

अन्न बंद करून तापवावें म्हणजे टिकतें, हें निकोलस ॲपेर या फ्रेंच हलवायानें शोधून काढलें व 1810 सालीं तेथील सरकारकडून 12,000 फ्रँक मिळविले. तें कां टिकतें हें मात्र त्याला ठाऊक नव्हतें. त्याचा उलगडा पाश्चरनें अर्धशतकानंतर केला. जंतु उष्णतेनें मरतात हें खरें, पण सारे सारखे मरत नाहींत. बोट्युलिनम नांवाच्या जंतूचे चिवट बीजाणु उकळत्या पाण्यांतही तग धरतात. त्यांना हवा नको, आंबट नको; माशाचा डबा म्हणजे त्यांचें माहेरच! म्हणून भरलेले डबे कोंडलेल्या वाफेंत तापवितात. डब्याच्या गाभ्यास 121 अंशांची उष्णता निदान तीन मिनिटें लागली, तर लाख कोटी बीजाणूंतून एखादाच वांचावा, असा हिशेब आहे.

एवढा हिशेब ऐकून आई म्हणाली, “मग भीति कसली?”

भीति त्या चेपलेल्या कडेची होती. डब्याचें झांकण दुहेरी घडी घालून बसविलेलें असतें, आणि आंतल्या माशाचें सारें रक्षण त्या घडीवर असतें. 1978 सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें अलास्काहून आलेल्या साल्मन माशाचा एक डबा खाऊन चार वृद्ध माणसें आजारी पडलीं व त्यांतलीं दोन दगावलीं. डबा नीट तापविलेला होता. पण त्यास एक बारीक भोंक होतें, व जंतु मागाहून आंत शिरला. तापलेला डबा निवूं लागला म्हणजे आंत पोकळी होते आणि फटींतून बाहेरचें ओढलें जातें. फुगलेला डबा टाकावा हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु फट असलेला डबा फुगेलच असें नाहीं, आणि या जंतूच्या कांहीं जाती दुर्गंधीही सोडीत नाहींत. तेथें आईचें नाक काय करणार?

पण तिची विद्या अगदींच फुकट गेली, असेंही मला म्हणवत नाहीं. बांगडा उन्हांत तिष्ठत राहिला तर त्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें खाल्लें कीं अंग लाल होतें, डोकें ठणकतें. हें द्रव्य डब्याच्या उष्णतेनेंही नष्ट होत नाहीं. म्हणजे डब्यांत जाण्यापूर्वीं, कोठल्या तरी धक्क्यावर, कोणीतरी तो मासा वेळीं बर्फांत घालावाच लागतो. शिळा बांगडा यंत्रांतून ताजा होऊन निघत नाहीं.

मीं चेपलेला डबा न उघडतां टाकण्यास निघालों तेव्हां आईचा चेहरा उतरला. नातवानें सातासमुद्रांपलीकडून आणलेली वस्तु! “त्याला सांगूं नकोस हो,” एवढेंच ती म्हणाली.

दुसऱ्या डब्याची कड मीं बोटानें तीनदां चांचपून पाहिली व मग तो उघडला. तिनें वास घेतला, कणभर मांस जिभेवर ठेवून क्षणभर वाट पाहिली. जीभ चरचरली नाहीं. मग सुनेकडे वळून ती म्हणाली, “घरांत तिरफळें आहेत का ग?”