मुखवटा आणि यंत्र

जुन्या वळणाच्या नव्या वस्तूंना सध्या बरे दिवस आले आहेत. जुन्या वाड्यांतील दारे उपाहारगृहांत विराजमान होतात आणि साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने बाजारात येतात. या आवडीकडे निव्वळ गतकातरता म्हणून पाहणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. जुने म्हणजे नेमके काय आपण जपतो, हा प्रश्न त्यामागे आहे.

आम्ही दोघे वाईत मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाकडे सी-गल १९६३ हे चिनी क्रोनोग्राफ आहे, तर दुसऱ्याकडे हॅमिल्टनचे इंट्रा-मॅटिक क्रोनोग्राफ एच. दोन्ही रोज चावी देण्याची. दोहोंच्या किमतींत मात्र सात-आठ पटींचे अंतर. क्रोनोग्राफ म्हणजे शब्दशः काळ लिहिणारा. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्यूसेकने वापरलेले यंत्र तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका उमटवीत असे. शाई गेली, नाव राहिले. शब्दांच्या बाबतीत असे घडते हे आम्ही वर्गात नेहमीच सांगतो.

हॅमिल्टनचे रूप १९६८ सालच्या घड्याळावरून घेतलेले आहे. पांढरी तबकडी, त्यात दोन काळी वर्तुळे. प्रमाणबद्धता अशी की नजर हटत नाही. चावी दिली की साठ तास चालते. परंतु आतील यंत्राचे कुळ १९७० च्या दशकातील आहे. म्हणजे चेहऱ्यापेक्षा यंत्र वयाने लहान.

सी-गलची कथा उलट आहे. १९६१ साली चीनने आपल्या वैमानिकांसाठी घड्याळ करावयाचे ठरविले आणि तिआनजिनच्या कारखान्यासाठी व्हीनस १७५ या स्विस यंत्राची सामग्री विकत घेतली. तेच यंत्र थोड्याफार बदलांनिशी आजही तेथे बनते. कळ दाबली की बुरुजासारखे खांब असलेले एक चाक फिरते आणि काटा सुटतो. जाणकार ही रचना उच्च प्रतीची मानतात. महागड्या हॅमिल्टनमध्ये ती नाही. तेथे हेच काम साधा, टिकाऊ कॅम करतो. स्वस्त घड्याळाची घडण मात्र खडबडीत आहे, आणि त्याच रूपाची इतकी घड्याळे इतके विक्रेते विकतात की अस्सल कोणते याचाच शोध घ्यावा लागतो.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ च्या वसई विजयानंतर ती इकडे आली असे सांगतात. देऊळ बदलले, धर्म बदलला, धातू तोच राहिला. सी-गलचे यंत्र या घंटेच्या जातीचे आहे. हॅमिल्टन हे बखरीच्या भाषेत आज लिहिलेल्या कादंबरीसारखे: शैली जुनी, श्वास नवा. एखादी जुनी पोथी जशीच्या तशी पुन्हा छापावी की तिच्या वळणाने नवे लिहावे, या वादात आम्ही दोघे नेहमीच विरुद्ध बाजूंना असतो. घड्याळांनी त्या वादाला किंमत चिकटवली, इतकेच.

मात्र एका मुद्द्यावर आमचे एकमत झाले. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. तरीही कित्येक घरांतील 'जनता' अद्याप चालू आहेत. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि ते बसविणारे हात, संख्येने कमी होत असले तरी, अजून आहेत. वारसा ठरविण्याची ही कसोटी आम्हांला किमतीपेक्षा आणि अस्सलपणाच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. तीस वर्षांनी आमच्या दोन घड्याळांपैकी जे कोणी उघडून पुन्हा चालू करू शकेल, ते जुन्या परंपरेतले म्हणावे. अभिजात ग्रंथांचेही बहुधा असेच असते. ते जपणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांमुळे टिकतात, आणि असे वाचक घडविणे हे आमचेच काम आहे.