टब की बादली?

तर झालं असं, की चिंचवडच्या घरी मधली भिंत पाडून ऐसपैस बाथरूम करायचं ठरलं. माझा हट्ट एकच: खाली टब, वर शॉवर!

दुकानात आईने विचारलं, "पाणी किती लागतं गं?"

दीडशे लिटर तरी. म्हणजे साताठ बादल्या! पवना धरणाचं पाणी २०१९च्या नोव्हेंबरात दिवसाआड येऊ लागलं, तेव्हा पिंपं भरून ठेवायची ती हीच.

मग तिने टबात पाय टाकून बघितला. गुडघा काठापर्यंत उचललाच जाईना. ती हसली, मला नाही हसता आलं.

शेवटी हँडशॉवर, बसायला कट्टा आणि भिंतीला दांडा घेतला. टब राहिला. असो...

परवा तिने मला हाक न मारता एकटीने अंघोळ केली. बादलीनेच!